नाशिकची शिराझ-कॅबर्ने: फरक छाटणीत पडतो, टाकीत की मिश्रणात?

कोरडी_लाल

नाशिक भागातल्या शिराझ-कॅबर्ने मिश्रणाबद्दल जाणकारांकडून नेमकी माहिती हवी आहे. लेबलवर दोन्ही वर्षी प्रमाण तेच, ६० टक्के शिराझ, ४० टक्के कॅबर्ने सोव्हिन्याँ. तरी एका वर्षीची वाइन जाड, गोडसर वासाची आणि शेवटी गरम लागते. दुसऱ्या वर्षीच्या वाइनला ढोबळी मिरचीचा वास आणि जिभेवर कडवटपणा. प्रमाण बदललं नाही तर बदललं काय? चवीची काव्यं नकोत, तारखा आणि आकडे द्या.

ओलांडा

प्रमाणावर जाऊच नका, ते सगळ्यात शेवटी ठरतं. सुरुवात फळछाटणीच्या तारखेपासून करा.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडे तो खऱ्या अर्थाने झोपतच नाही, म्हणून वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी. तिच्यानंतर साधारण ४० ते ६० दिवसांत डोळ्यांमध्ये सूक्ष्म घडनिर्मिती होते. त्या वेळी नत्र आणि पाणी जास्त झालं किंवा ढगाळ हवा लांबली तर पुढे घड कमी निघतात, निघालेले जिरतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांवर हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग, आणि तिथून लाल वाणांची तोडणी साधारण १४५ ते १७० दिवसांनी.

आता मुख्य गोष्ट. फ्रान्समधल्या बोर्दोत द्राक्ष ऑगस्टमध्ये रंग धरतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तुटतं, म्हणजे पिकताना हवा थंड होत जाते. नाशिकला मण्यात पाणी उतरतं, म्हणजे मणी मऊ पडून रंग धरतो, ते ऐन थंडीत, जानेवारीच्या आगेमागे, रात्रीचं तापमान १० अंशांच्या आसपास असताना. आणि तोडणी येते फेब्रुवारी-मार्चमध्ये, दुपारी पारा ३५ कडे निघालेला असताना. आपल्याकडे पिकणं चढत्या उन्हात होतं. शेवटच्या तीन आठवड्यांत साखर धावते, मॅलिक आम्ल जळतं, आणि बी मात्र मागे राहते. रिफ्रॅक्टोमीटर २४ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) दाखवतो तेव्हा बी चावून पाहा, टोक हिरवटच असतं.

शिराझ कॅबर्नेपेक्षा साधारण दोन आठवडे आधी येते. मजुरांच्या सोयीने दोन्ही प्लॉट १ ऑक्टोबरला छाटले तर शिराझ फेब्रुवारीअखेर आणि कॅबर्ने मार्चच्या मध्यावर. मार्चमधली कॅबर्ने म्हणजे साखर भरपूर, आम्ल संपलेलं. म्हणून कॅबर्ने १५ सप्टेंबरच्या सुमारास छाटायची आणि शिराझ ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे दोन्ही मार्चच्या तोंडावर येतात. धोका उघड आहे: लवकर छाटलेल्या बागेचा पोंगा (नवी कोवळी फूट) आणि फुलोरा परतीच्या पावसात सापडतो आणि डाऊनी हा बुरशीसारखा रोग घडावरच बसतो. कॅबर्नेचा घड सुटा, साल जाड, त्यामुळे ती हा जुगार झेलू शकते. शिराझ झेलत नाही.

द्राक्षबागाईत

वरच्या मताशी सहमत, पण एक भर. शिराझ आधी पिकली तर तोडणीला थांबू नये. पक्वतेच्या शेवटी शिराझचा मणी स्वतःहूनच वजन गमावतो, साल सुरकुतते. चार दिवसांत ब्रिक्स २३ चं २५ झालं की लोक म्हणतात गोडी वाढली. वेलाने नवी साखर पाठवलेली नसते, मण्यातलं पाणी गेलेलं असतं. वजन घटल्यामुळे बागाईतदाराचा तोटा, आणि वायनरीत १४.५ टक्क्यांच्या वर मद्यार्क. कोरडी_लाल यांनी लिहिलेली ‘जाड आणि शेवटी गरम’ वाइन बहुतेक याच मालाची.

नमुना घ्यायची पद्धतही महत्त्वाची. घडाच्या वरच्या खांद्याचे दोन मणी तोंडात टाकून तोडणी ठरवू नये. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरून-मधून-खालून मिळून २०० मणी, कडेच्या ओळी आणि ओळीचं पहिलं-शेवटचं झाड सोडून. रस काढून ब्रिक्स, पीएच (जितका जास्त तितका आंबटपणा कमी) आणि एकूण आम्ल तिन्ही मोजायचं.

रसशाळा

ढोबळी मिरचीचं उत्तर मी देतो. तो वास मेथॉक्सीपायराझिनचा. कॅबर्ने आणि तिच्या नात्यातल्या वाणांत तो जन्मजात असतो, शिराझमध्ये नगण्य. मणी कोवळा असताना हे द्रव्य तयार होतं आणि पिकताना कमी होत जातं. घड सावलीत राहिला तर मुळात जास्त तयार होतं. म्हणून पानांची विरळणी पाणी उतरल्यावर करून उपयोग नाही. मणी वाटाण्याएवढा होईपर्यंत घडाभोवतीची पानं निघाली पाहिजेत. उत्तर-दक्षिण ओळीत फक्त सकाळच्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूची. पश्चिमेची काढली तर फेब्रुवारीच्या दुपारी घड भाजतो आणि रंग जातो.

खाण्याच्या द्राक्षांची बाग वाइनसाठी वळवली असेल तर दोन सवयी मोडाव्या लागतात. एकरी १०-१२ टनांचा हिशोब सोडून लाल वाणांना ४-५ टनांवर यायचं. आणि पाणी उतरताना ठिबकमधून ०:०:५० हे पोटॅशचं खत सोडायचं थांबवायचं. गोडी आणि चकाकीसाठी ते ठीक, पण वाइनमध्ये तेच पोटॅश टार्टारिक आम्लाशी जोडलं जाऊन क्षाराच्या रूपात खाली बसतं आणि पीएच चढतो. ३.९ पीएचचा शिराझ रस इथे नवल नाही.

ओलांडा

पोटॅशचा दोष सगळा खतावर ढकलू नका. बऱ्याच बागा डॉगरिज खुंटावर (ज्याच्या मुळांवर वाणाचं कलम करतात तो वेल) आहेत, क्षार आणि पाण्याचा ताण सोसतो म्हणून. हा खुंट जोमदार आणि पोटॅशियम ओढण्यात अव्वल. ११० आर या दुसऱ्या खुंटावर कलम असेल तर तीच शिराझ त्याच जमिनीत कमी पीएच देते.

रसशाळा

खुंटाचं मान्य. पण खुंट बदलायचा तर बाग उपटावी लागेल, खत आजपासून थांबवता येतं. डॉगरिजवरच्या बागेत देठाचं परीक्षण न करता पोटॅश देणं तर दुप्पट चूक.

गारोनकाठ

बोर्दोकडून थोडं. इथे मिश्रणाची पद्धत मुळात हवामानाचा विमा म्हणून रुजली. मर्लो ही लाल जात आधी फुलते आणि कॅबर्नेच्या आठवडा-दोन आठवडे आधी पिकते. जूनमध्ये फुलोऱ्यावर थंड पाऊस आला तर मर्लोची गळ होते, कॅबर्ने वाचते. ऑक्टोबर पावसाळी गेला तर उलट. २००३ च्या उष्णतेत लवकर पिकणारी मर्लो हलक्या जमिनीवर होरपळली. २०१३ च्या थंड, ओल्या वर्षी कॅबर्ने पिकवताना नाकीनऊ आले. २०१७ मध्ये एप्रिलच्या शेवटी पडलेल्या हिमाने दोन्हींच्या फुटी जाळल्या, तेव्हा विमाही कामाला आला नाही. पेटी व्हर्दो सगळ्यात उशिरा येते, म्हणून ती मिश्रणात थोडीच असते, रंग आणि मसालेदारपणासाठी.

आता उन्हाळे तापल्यामुळे २०२१ मध्ये मार्सेलान, तुरिगा नासिओनाल, आरिनार्नोआ, कास्तेत्स अशा वाणांना बोर्दोच्या लाल वाइनमध्ये परवानगी मिळाली. अट अशी की अंतिम मिश्रणात हे नवे वाण १० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत.

तुमच्याकडे पाऊस जूनमध्ये येतो आणि ऑक्टोबरपर्यंत जातो, पिकण्याचा काळ कोरडा. मग विमा कशाचा?

पिंपवाला

चांगला प्रश्न. नाशिकला मिश्रण पावसावरचा विमा नाहीच. अवकाळी आणि गारपीट आली तर शिराझ-कॅबर्ने दोन्हींना झोडपते. इथे मिश्रण पीएच आणि टॅनिन (साल-बीतलं तुरट द्रव्य) सावरतं. शिराझ भरीव आणि फळांच्या वासाची, पण आम्लात ढिली. वेळेवर तोडलेली कॅबर्ने आम्ल आणि कणा देते. कॅबर्ने मार्चपर्यंत लोंबकळली तर ती शिराझसारखीच ढिली होते, वर हिरव्या बीचं कडू टॅनिन घेऊन येते. मग ६०:४० लिहा नाहीतर ८०:२०, फरक पडत नाही. त्यामुळे ओलांडा यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

टाकीतल्या कामाचं सविस्तर लिहितो.

तोडणी पहाटे तीन ते आठ. क्रेट उन्हात उभी राहिली की माल ३० अंशांवर पोहोचतो आणि यीस्ट टाकण्याआधीच रानटी किण्वन (आंबणं) सुरू होतं. देठ काढून मणी फोडायचे, बी फुटू द्यायची नाही. रोलरमधलं अंतर बीपेक्षा जास्त हवं. याच वेळी ३० ते ५० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) सल्फर डायऑक्साइड. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटमध्ये ते वजनाच्या ५७ टक्के असतं, म्हणजे १०० लिटर रसाला ७ ग्रॅम टाकले की ४० पीपीएम.

आम्लाची दुरुस्ती यीस्टच्या आधी करायची. अंदाज असा की लिटरला १ ग्रॅम टार्टारिकने पीएच साधारण ०.१ ने उतरतो. ३.८५ चा रस ३.६ वर आणायला २.५ ग्रॅम, म्हणजे हजार लिटरला अडीच किलो. पण पोटॅशियम भरपूर असलेल्या रसात टाकलेलं आम्ल लगेच क्षार होऊन बसतं आणि पीएच अपेक्षेइतका हलत नाही. म्हणून दोन हप्त्यांत टाका, दरम्यान एक दिवस जाऊ द्या आणि पुन्हा मोजा. हे काम किण्वनानंतर केलं तर आम्ल जिभेवर वेगळं, धारदार उभं राहतं.

यीस्ट १०० लिटरला २०-२५ ग्रॅम, दहापट पाण्यात ३७-४० अंशांवर १५-२० मिनिटं भिजवून. भिजवलेलं यीस्ट आणि रस यांत १० अंशांपेक्षा जास्त फरक नको. १२ अंशांच्या थंड रसात ओतलं तर निम्मं तिथेच मरतं. रसातलं यीस्टला वापरता येणारं नायट्रोजन लिटरला १५० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर सडक्या अंड्याचा वास ठरलेला. लिटरला १०० मिलिग्रॅम डीएपीने (डायअमोनियम फॉस्फेट) सुमारे २१ मिलिग्रॅम नायट्रोजन मिळतं. सगळं सुरुवातीला ओतू नका. एक तृतीयांश साखर संपल्यावर दुसरा हप्ता. अर्ध्यानंतर टाकलेलं डीएपी यीस्ट नीट घेत नाही, ते पुढे नको त्या जंतूंच्या पोटात जातं.

नवखा_ग्लास

हे वाचून एक शंका. शिराझ आणि कॅबर्ने एकत्रच टाकीत घातल्या तर? मिश्रणाचा व्याप वाचेल.

पिंपवाला

वाचेल, पण हातही बांधले जातील. दोन्ही माल एकाच दिवशी पक्व मिळाला तरच विचार करावा. शिवाय दोघींना वेगळी वागणूक लागते. शिराझला २५-२८ अंश, आणि ७ ते १० दिवस सालीबरोबर. कॅबर्ने २८-३० अंश चालते. बोर्दोत ती तीन-तीन आठवडे सालीवर ठेवतात, कारण तिथे बी तपकिरी झालेली असते. आपल्या हिरव्या बीच्या कॅबर्नेला तीन आठवडे ठेवलं की कडूपणा हमखास. मद्यार्क वाढला की बीवरचा थर विरघळतो आणि त्यातलं टॅनिन बाहेर पडतं. म्हणून रंग आणि सालीचं टॅनिन मद्यार्क तयार होण्याआधीच काढून घ्यायचं: ८-१० अंशांवर तीन दिवस थंड भिजवण, सोबत सालीवरचं एन्झाइम. मग किण्वनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाकीतला सगळा रस गाळणीतून दुसऱ्या टाकीत काढायचा, तळाला बसलेल्या बिया बाहेर घ्यायच्या, दोन तासांनी रस परत सालींवर. असं दोनदा केलं तर बऱ्यापैकी बिया निघून जातात. ब्रिक्स शून्याजवळ आलं की साली सरळ प्रेसमध्ये दाबायच्या.

एकत्र किण्वनाचं नावाजलेलं उदाहरण फ्रान्समधल्या कोत-रोतीचं, तिथे शिराझबरोबर व्हिओनिए ही पांढरी द्राक्षं थोडी घालतात. नियम २० टक्क्यांपर्यंत मुभा देतो, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहूनही कमी घालतात. तिचा उपयोग वास आणि रंग स्थिर करण्यासाठी. शिराझ-कॅबर्नेत तो फायदा नाही.

सालींची टोपी दिवसातून दोन-तीनदा भिजवा आणि तापमान टोपीतच मोजा, खालच्या रसात नाही. रस २८ दाखवतो तेव्हा टोपी ३५ ला टेकलेली असू शकते. त्यापुढे यीस्ट थकतं, ४-५ ग्रॅम साखर शिल्लक राहते आणि किण्वन अडकतं.

द्राक्षबागाईत

प्रेसची वाइन वेगळी ठेवता की न दाबता निथळलेल्या मुक्त रसातच?

पिंपवाला

नेहमी वेगळी. प्रेसमधून येणारा वाटा साधारण १०-१५ टक्के. पहिल्या हलक्या दाबाचा वाटा शिराझच्या मुक्त रसात चांगला बसतो, शेवटचा जोराच्या दाबाचा बहुतेक वेळा बसत नाही. कॅबर्नेचा प्रेसवाटा मिश्रणाच्या चाचणीत २-३ टक्क्यांनी वर-खाली करून पाहायचा. हे छोटे आकडे लेबलवर कधीच येत नाहीत, चवीत मात्र लगेच कळतात.

रसशाळा

पुढचा टप्पा मी घेतो, कारण गरम प्रदेशातल्या वाइन इथेच बिघडतात. मॅलोलॅक्टिक किण्वन (जंतू मॅलिक आम्लाचं लॅक्टिक करतात ते) १८-२२ अंशांवर, सल्फाइट न घालता. १ ग्रॅम मॅलिकचं ०.६७ ग्रॅम लॅक्टिक होतं, म्हणजे पीएच आणखी चढतो. आपल्या मालात मॅलिक मुळात कमी, त्यामुळे चढ छोटा, पण ३.७५ चं ३.८५ झालं तरी महागात पडतं. कसं, ते पाहा. जंतूंना रोखणारा सल्फाइटचा रेणूरूप भाग लिटरला ०.५ मिलिग्रॅम ठेवायचा तर मुक्त सल्फाइट लागतं:

पीएच ३.५ ला २५ पीपीएम
३.६ ला ३१
३.७ ला ३९
३.८ ला ४९
३.९ ला ६२
४.० ला ७८

३.९ च्या शिराझला २५ पीपीएमवर पिंपात ठेवलं म्हणजे ब्रेटानोमायसिस या वाइन बिघडवणाऱ्या यीस्टला आमंत्रण. घोड्याचा तबेला आणि बँडेजपट्टीचा वास येतो तो याचाच. त्याला जगायला लिटरला अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी साखरही पुरते, आणि लाकडात शिरला की पिंप कितीही धुवा, तो पूर्ण जात नाही.

पिंपवाला

म्हणूनच माझं मत: दोन्ही वाइन मॅलोलॅक्टिक संपल्याबरोबर एक ढोबळ मिश्रण करावं आणि मगच पिंपात घालावं. ढिल्या शिराझला वर्षभर एकटीला पिंपात ठेवणं धोक्याचं. अर्थात १५-२० टक्के माल दोन्ही बाजूंनी वेगळा राखायचा, बाटलीआधी दुरुस्तीसाठी.

पिंप २२५ लिटरचं. मे महिन्यात बाहेर ४० अंश असताना तळघर १५-१६ वर धरायचं वीजबिल हा नाशिकचा खरा खर्च. दर दोन आठवड्यांनी पिंप काठोकाठ भरा. रिकाम्या जागेत अॅसिटिक जंतू वाढतात. सल्फाइट ३० पीपीएमने वाढवायचं तर एका पिंपाला जवळपास १२ ग्रॅम मेटाबायसल्फाइट. फ्रेंच ओक सावकाश आणि मसालेदार उतरतो, अमेरिकन ओक नारळ आणि व्हॅनिलाचा वास लगेच देतो. आपल्या पिकलेल्या शिराझला आधीच गोडसर वास असतो, त्यावर नव्या अमेरिकन ओकचं मोठं प्रमाण मला तरी नको वाटतं.

गारोनकाठ

बोर्दोतही बरेच जण हिवाळ्यातच, मार्चच्या आत, मिश्रण ठरवतात, कारण एप्रिलच्या सुमाराला व्यापाऱ्यांना नव्या वर्षाचे नमुने चाखायला द्यायचे असतात. तुमचं कारण जंतू आहे, इथलं बाजार!

कोरडी_लाल

भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. शेवटचं विचारतो: प्रत्यक्ष मिश्रणाची चाचणी कशी करतात? नुसतं चाखून?

पिंपवाला

चाखण्याआधी मोजून. समजा शिराझचा मद्यार्क १४.२, आम्ल लिटरला ५.० ग्रॅम, पीएच ३.८५, कॅबर्ने १३.२, ५.८ आणि ३.६५. ७०:३० केलं तर मद्यार्क १३.९ आणि आम्ल ५.२४, हे कागदावर काढता येतं. पीएच मात्र सरासरीने काढू नका, तो नेहमी मीटरवर.

मग १०० मिलिलिटरचा मोजनळा आणि पिपेट. ८०:२०, ७०:३०, ६०:४० असे तीन नमुने, शेजारी दोन्ही मूळ वाइन. क्रमांक लावून, प्रमाण झाकून, सगळे १८ अंशांच्या आसपास. त्यातला बरा वाटलेला घेऊन पुढच्या फेरीत ५ टक्क्यांनी दोन्ही बाजूंना, आणि तिसऱ्या फेरीत प्रेसवाटा. एका बैठकीत सहापेक्षा जास्त ग्लास नकोत, टॅनिनने जीभ बधिर होते. निवडलेला नमुना बूच लावून दोन दिवस ठेवा आणि पुन्हा चाखा. ताज्या मिश्रणात कॅबर्ने दबल्यासारखी वाटते आणि नंतर वर येते, म्हणून पहिल्या दिवशी लोक ती जास्त घालून बसतात.

कडूपणा बीचा असेल तर शिराझ वाढवून तो जात नाही, फक्त पातळ होतो. अशा वेळी कॅबर्ने १० टक्क्यांवर आणा, किंवा अंड्याच्या पांढऱ्या बलकाने टॅनिन खाली बसवून पाहा. २२५ लिटरला ३ ते ६ अंड्यांचा पांढरा बलक, चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्यात फेस न आणता मिसळून. दोन-तीन आठवड्यांनी निथळून वेगळी करायची. आधी बाटलीभर वाइनवर करून बघा, कारण जास्त झालं तर रंगही उतरतो.

ओलांडा

आणि ढोबळी मिरची असेल तर ना बलक उपयोगी, ना पिंप. ती कॅबर्ने त्या वर्षी मिश्रणातून बाहेर ठेवायची. घड वेळेवर उघडे न केल्याची किंमत ती.

रसशाळा

एक राहिलं. दोन स्थिर वाइन मिसळल्या तरी मिश्रण स्थिर असेलच असं नाही. पीएच आणि मद्यार्क बदलले की टार्टरेटचे खडे नव्याने पडतात. उणे ४ अंशांवर तीन-चार दिवस नमुना ठेवून पाहा, मॅलिक उरलं नाही ना ते पुन्हा तपासा, आणि बाटली भरण्याच्या आदल्या दिवशी मुक्त सल्फाइट वरच्या तक्त्याप्रमाणे, नव्या पीएचवर.